पिवळा नसलेला निळा

हाल्ला बँडची नऊ कव्हरं वाचनालयाच्या लांब टेबलावर मांडलीत,
आणि टेबलाच्या एका टोकाला मला बसवलंय,
कारण नऊच्या नऊ मी छापलीत.
तांपेरेत आता दुसरं कोणी उरलेलं नाही
ज्याला हे म्हणता येईल.

आयला म्हणते, तौनो, तुम्ही शेवटी बोला.
बरं. कॉफी अजून गरम आहे.

राइमो दातांचा डॉक्टर. भिंग घेऊन आलाय.
दुसऱ्या अल्बमवर असा वाकतो
जशी कुणाच्या उघड्या जबड्यात कीड शोधतोय.
"सर्वोत्तम हेच. वादच नाही.
गोठायला लागलेलं तळं, एकटी होडी,
आणि सगळ्यावर हा निळा, उपाशी माणसाच्या ओठांसारखा.
काय हिंमत! पिवळ्याचा थेंब नाही कुठे!"

थेंब नव्हता, कारण पिवळी शाई संपली होती.
शुक्रवार. गोदामाची किल्ली लेइनोनेनच्या खिशात,
लेइनोनेनची पँट सौनाच्या खुंटीवर,
आणि लेइनोनेन आत, वाफेत, बिअरसकट.
तीन हजार कव्हरं सकाळी हवी होती.
मूळ चित्रात जुलैची संध्याकाळ होती,
पाण्यावर ऊन, काठावर हिरवे बर्च.
मी पिवळ्याविना मशीन सुरू केलं
आणि भर उन्हाळ्यात हिम पडलं.
हाल्ला म्हणजे तेच, ऐन पिकात एका रात्रीत पडणारं हिम.
गायक बराच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, तुम्ही आम्हाला ओळखलंत.
मी मूग गिळून उभा.
चव्वेचाळीस वर्षं तेच मूग.

सर्वांत वाईट कोणतं, याला मिनिटही लागत नाही.
सातवं.
चिलखत घातलेला हंस, पंखात गिटार,
मागे सूर्य, आणि सूर्यालाही मिशा.
ओन्नी एकोणीस वर्षांचा,
बँड फुटला तेव्हा त्याची आई शाळेत होती,
पण शर्टावर हाल्ला, दंडावर हाल्ला.
तो हसून हसून खुर्चीतून घसरतो.
"आजीच्या बिस्किटांचा डबा!"
आयलासुद्धा चष्मा काढून डोळे पुसते.

खरंय. डबाच आहे.
फक्त त्या डब्यावर सोनं चार वेळा चढवलंय.
तीन रात्री. आधी चिकट शाई, मग कांस्याची पूड,
मग झटकायचं, मग पुन्हा,
हंसाचं एकेक पीस वेगळं उठेपर्यंत.
केर्तू काळं सॉसेज आणि आंबट लाल जॅम घेऊन यायची,
मी खाताना माझ्या भुवयांतली पूड बोटानं टिपायची
आणि म्हणायची, आज श्रीमंत दिसतोयस.
त्या तीन रात्री मशीन एकदाही अडलं नाही.
असं परत कधी झालं नाही.

"तौनो?"
मी ओन्नीला म्हणतो, डोळे मीट. अंगठा फिरव.
तो फिरवतो. मानेवरून छातीवर, छातीवरून पंखावर.
पंखाशी थांबतो. थोडा मागे येतो, पुन्हा जातो.
"हं," म्हणतो.
मग डोळे उघडून: "तरी वाईटच."
बरोबर आहे. माझाही हात वर होतो,
सातव्यावर चार मतं.

आणि सर्वोत्तम?
राइमो भिंगातून माझ्याकडे बघतोय,
एवढा मोठा, ओला, आशाळभूत डोळा.
दुसरं, मी म्हणतो. निळं.
तो टेबलावर थाप मारतो. माझी कॉफी सांडते.

खुर्च्या सरकतात. आयला दिवे मालवायला उठते.
पोरगा अंगठा जीन्सला पुसतोय,
पुन्हा पुसतोय, उजेडात धरून बघतोय.
सोनं लागलंय.
म्हणजे वर वार्निशचा हात कमी पडला होता.
एवढ्या वर्षांनी कळतंय.